भिंगाखालची ऊब

३ जून

चिंगे,

माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडताच कचऱ्यात टाकशील, म्हणून वरचा पत्ता मावशी लिहिणार आहे. तसाही तो माझ्याकडे नाही. मावशी देत नाही. म्हणते, "तिला शब्द दिलाय. पण तू माझ्याकडे पाठव, मी पुढे सरकवते. आणि हो, मी फोडून वाचणार. आईच्या पश्चात तुम्हा दोघींची मोठी मीच ना? नऊ वर्षांनी बहिणी काय बोलतात ते मला कळायला नको?" तेव्हा हे पत्र तिघींचं आहे. समजलं नाही की ती फोन करून माझा जीव खाते, त्यामुळे तुला तोंडपाठ असलेलंही तिच्यासाठी सोपं करून लिहावं लागेल. चालवून घे.

कामाचं सांगते. येत्या तीस तारखेला मी निवृत्त होतेय आणि माझ्याबरोबर माझा मायक्रोस्कोपही. त्यातलं काय चालतं, काय नाही, ते बघायला काल एक यंत्र दुरुस्त करणारा आला होता. पेशींची डिश ठेवायच्या गरम तबकडीवर त्याने तापमान मोजणारी केसाएवढी बारीक तार लावली, वर काच ठेवली आणि खालून तेलाचा थेंब लावलेलं भिंग काचेला टेकवलं. तबकडीचा आकडा सदतीस. तारेचा सव्वीस.

"तार बिघडलीय तुमची," मी म्हटलं. माझा स्वभाव तुला माहीत आहेच.

"तार ठीक आहे बाई. तबकडीही खोटं बोलत नाहीये. तुमचं भिंग गार आहे. एवढा धातूचा गोळा सोळा अंशाच्या खोलीत दिवसभर बसलेला, त्यात वरून थंड हवेचा झोत. तेलातून तो काचेची सगळी ऊब ओढून घेतो. भिंग टेकतं तेवढीच जागा गार पडते."

भिंग टेकतं ती जागा, म्हणजे आपण बघत असतो नेमकी तीच.

मावशी, आता तुझ्यासाठी. यकृताच्या प्रत्येक पेशीत एक सांगाडा असतो. हाडांचा नव्हे, दोऱ्यांचा. काही दोरे लांब, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेले. त्यांच्यावरून मालाच्या बारीक पिशव्या वाहून नेल्या जातात, आणि त्या ओढायला अगदी हमालसुद्धा असतात. काठाजवळ लांब दोरे संपतात आणि बारीक दोऱ्यांची दाट जाळी लागते. जाळीच्या पलीकडे पित्ताचा पाट. तो शेजारशेजारच्या दोन पेशी मिळून करतात, एकटीला करता येत नाही. चिंगीने बघितलं होतं ते असं: पिशवी लांब दोऱ्याच्या टोकाला येते, थांबते, चांगली अर्धा-पाऊण तास थांबते, आणि मग जाळीतले दुसरे हमाल तिला उचलून पाटापर्यंत नेतात. खातरजमा करायला आमच्या प्रयोगशाळेच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, सरांनी, तेच काम मला दिलं. माझ्या खोलीत, माझ्या महागड्या मायक्रोस्कोपखाली पिशव्या आल्या, थांबल्या आणि थांबूनच राहिल्या. सव्वीस अंशाला हमाल गारठतात, मावशी. त्यांचा काय दोष.

आणि चिंगे, तू मात्र कोपऱ्यातल्या जुन्या मायक्रोस्कोपला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून आईच्या हेअर ड्रायरने ऊब द्यायचीस. सगळे हसायचे. मी जरा जास्तच.

मला हे काल कळलं, आज लिहितेय. एक दिवससुद्धा घालवलेला नाही.

नायट्रोजनच्या टाकीत तू गोठवलेल्या पेशींच्या दोन कुप्या अजून आहेत. वर हिरव्या शाईत तुझं अक्षर, सातचा आकडा नेहमीसारखा पाठीत वाकलेला. यंत्र उतरवायच्या आत मी पुन्हा करून बघणार आहे. जमलं तर नियतकालिकाला लिहीन, की दोष आमच्या यंत्राचा होता, तुझा निबंध खरा होता, तो छापण्याआधी मागे घ्यायलाच नको होता.

एवढंच कळव, भिंग आधी किती वेळ तापवायचीस? बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

ताई

११ जून

चिंगे,

उत्तर नाही. मी काही वाट बघत नव्हते. रोज दोनदा खाली उतरून टपालपेटी उघडते, तेवढाच गुडघ्यांना व्यायाम.

एक वाईट बातमी आहे. पहिली कुपी मी वाया घालवली. पेशी छान लागल्या होत्या, जोड्या जमल्या होत्या, दोघींच्या मध्ये पाटही दिसायला लागला होता. मी दुकानातून एक हवा गरम करणारा पंखा आणला, खोकं कापलं, आणि काल सकाळी पंखा सुरू करून ऐटीत बसले. वीस मिनिटांत आत चव्वेचाळीस अंश. सगळ्या पेशी शिजल्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, "ताई, काम करतेयस की स्वयंपाक?" मी ते तुझ्या आवाजात मोठ्याने म्हणूनही बघितलं. खोलीत कोणी नव्हतं, हे बरं.

आता एकच कुपी उरली. तीही गेली तर या जगात तुझं म्हणणं खरं करून दाखवणारं काही उरत नाही. रोज टाकीचं झाकण उघडून ती आहे ना बघते आणि बंद करते. फार वेळा उघडू नये, हे नव्या लोकांना मीच शिकवत आले.

काल मावशीचा फोन आला होता. तिला एकच शंका होती. "पित्ताकडे जायचा माल सरळ पित्ताकडे का नाही जात गं? तुझ्या त्या जुन्या वहीत मी चित्र बघितलं होतं, तो आधी भलतीकडेच जातो."

मी सांगितलं, यकृताची पेशी तशीच आहे. पित्ताच्या बाजूला पोचवायच्या कितीतरी वस्तू ती आधी उलट दिशेला, रक्ताच्या बाजूला पाठवते. तिथून त्या परत फिरतात आणि सगळी पेशी ओलांडून पाटाकडे येतात. दुसऱ्या पेशींना सरळ पाठवणं जमतं, हिला नाही.

"म्हणजे तुमची पत्रं माझ्या घरावरून जातात तशी," मावशी म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली. हसता हसता तिच्या तोंडून निसटलं, की तुझ्या मुलीचे पुढचे दोन दात पडलेत आणि तिला 'स' म्हणता येत नाही.

मला तुला मुलगी आहे एवढंच ठाऊक होतं. सहा वर्षांची म्हणे. चिंगे, मी तिची मावशी आहे हे तिला कोणी सांगितलंय का? नसेल सांगितलं तर राग नाही. पण सांगितलं असेल तर काय सांगितलं, हे ऐकायला मी आजचं सगळं काम टाकून येईन.

घरी सगळं तसंच आहे. आईची खोली मी आवरली, तुझी नाही आवरली. खिडकीच्या कडीला अजून तो तुझा दोरा बांधलेला आहे, वाऱ्याने कडी वाजायची म्हणून. आई गेली तेव्हा तू दुपारी आलीस, संध्याकाळी गेलीस, आणि घरातून एकच वस्तू नेलीस, तिचा तो हेअर ड्रायर. मला वाटलं होतं निदान एक पेला पाणी मागशील. मी स्वयंपाकघराच्या दारात भरलेला पेला धरून उभी होते. ते पाणी शेवटी मीच प्यायले.

भिंग किती वेळ तापवायचं ते सांगशील का गं?

ताई

१९ जून

चिंगे, चिंगे,

पोचलं! मावशीच्या अक्षरातलं पार्सल बघून मला वाटलं तिनेच काही पाठवलं असेल. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला आईचा ड्रायर. मुठीजवळ चिकटपट्टी, आईनेच लावलेली. आणि वहीच्या कोपऱ्यातून फाडलेला एवढासा कागद. त्यावर:

"भिंग आधी दोन तास. खोक्याला भोक उजवीकडे, हवा थेट डिशवर नको. ड्रायर दोनवर, तीनवर नाही. मग हात जोडून बसायचं. घाई करायची नाही."

सही नाही, 'प्रिय' नाही. नऊ वर्षांत तुझे मला आलेले हे पहिले शब्द. मी तो कागद इतक्यांदा वाचलाय की मावशीला फोनवर न बघता म्हणून दाखवला. ती म्हणाली, "यात रडण्यासारखं काय आहे? मला तर इस्त्री वापरायच्या सूचना वाटतायत." मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

'घाई करायची नाही.' हे तू मला तेव्हाही म्हणाली होतीस. सरांच्या खोलीबाहेर, भिंतीला टेकून. "ताई, थांबलेलं आणि अडकलेलं यात फरक असतो. तू अजून थोडं थांबून बघ ना." मी घड्याळ दाखवलं होतं तुला.

शेवटची कुपी आज सकाळी काढली. आधी हात दोनदा पुसून घेतले. पेशी तुझ्याच आहेत, दमदार. नव्वद टक्के जिवंत निघाल्या. पाच दिवसांत जोड्या जमतील. चोवीस तारखेला सकाळी बघणार. भोक उजवीकडे पाडलंय. तुझा कागद खोक्याच्या आत चिकटवावा असं वाटलं होतं, पण तापून पिवळा पडेल, म्हणून पाकिटात घालून जवळ ठेवलाय.

आज जेवताना दोन ताटं घेतली गेली. मग एक परत ठेवलं.

ताई

२४ जून

चिंगे,

दिसलं.

सकाळी सात वाजता ड्रायर लावला. नऊपर्यंत भिंग तापलं. दुरुस्तीवाल्याची तार मागून ठेवली होती, भिंग टेकवून बघितलं, सदतीस. डिश ठेवली. जोडी निवडली, मध्ये पाट अगदी स्पष्ट. तेवीस मिनिटांनी एक पिशवी लांब दोऱ्यावरून आली, टोकाला थांबली. मग काहीच नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. ड्रायर घरघरतोय, आईचे केस वाळतायत असा आवाज. तिसाव्या मिनिटाला माझा हात सवयीने डिश बदलायला निघाला. मी तो मांडीखाली दाबून धरला, शप्पथ. एक्केचाळिसाव्या मिनिटाला पिशवी हलली. बाजूला सरकली, जाळीत शिरली, जरा घुटमळली, आणि पाटाला जाऊन लागली. त्यानंतर दुसरी, मग तिसरी. दुपारी एकपर्यंत सतरा मोजल्या. तुझ्या निबंधात होतं तसंच, चिंगे, पाऊल न चुकता.

सगळं चित्रित केलंय. दोन प्रती केल्यात. एक तुझी.

दुपारी नियतकालिकाला पाठवायचं पत्र लिहायला बसले. तीन ओळी झाल्या होत्या: 'यंत्रातील अज्ञात दोषामुळे भिंगाजवळचे तापमान कमी राहिले व त्यामुळे पडताळणीचा निष्कर्ष चुकला.' वाचायला बरं वाटतं. कोणाचाच दोष नाही, सगळे सुटतात. नवीन संचालकबाई सही करायला तयारच होत्या. आणि माझं लक्ष तुझ्या कागदाकडे गेलं. तू मला तुझी युक्ती दिलीस. आईचा ड्रायर दिलास. आणि मी तुला पहिल्याच पत्रात खोटं लिहिलंय.

मावशी, हे तू आधी वाचशील. वाच. पण फोन करू नकोस, आणि तिच्यापासून दडवूही नकोस.

तो दोष अज्ञात नव्हता. नऊ वर्षांपूर्वी, त्याच दुपारी, काम संपल्यावर मी भिंगावरचं तेल पुसायला कागद घेतला आणि माझं बोट धातूला लागलं. नळासारखं गार. मी या कामात मुरलेली बाई आहे, चिंगे. मला एका क्षणात कळलं. सदतीस अंशाच्या काचेला इतका वेळ टेकलेली वस्तू इतकी गार असूच शकत नाही. भिंग तापवून पुन्हा बघायचं, इतकं सोपं होतं. तुझा ड्रायर दहा पावलांवर होता.

चार वाजता सर आत आले. "दिसलं का?" मी म्हटलं, "नाही." दिसलं नव्हतंच. तो एक शब्द खरा होता, त्याच्या आड मी नऊ वर्षं राहिले.

का, ते सांगते. त्याच्या आठवडाभर आधी पेन शोधताना तुझ्या खणात मला तुला आलेलं एक पत्र दिसलं होतं. दूरची नोकरी, निबंध छापून आला की लगेच रुजू व्हायचं. आई नुकतीच अंथरुणाला खिळली होती. मी त्या घरात आई आणि मी अशा दोघी बघितल्या, जिन्यावर तुझी पावलं नाहीत, खिडकीची कडी वाजतेय. तू जाऊ नयेस एवढंच मला हवं होतं. वाटलं, वर्षभर अडेल, तोवर आईचं काहीतरी होईल, मग मीच म्हणेन की भिंग गार होतं. सर 'चित्रं बनवलेली असणार' म्हणतील, तुझ्या नावावर फुली मारतील, असं माझ्या मनातही नव्हतं. पण ते म्हणाले तेव्हा मी तिथेच उभी होते आणि मूग गिळून राहिले. तू माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं असेल मी तुला खोटी समजते. मी एक दिवसही समजले नाही. तू खरी आहेस हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं.

तुला ठेवून घ्यायला म्हणून केलं, आणि तुलाच घालवून बसले.

त्यानंतर रोज सकाळी खोलीत गेलं की आधी भिंगाला बोट लावायचे. का, ते सांगता येणार नाही. रोज गार. त्या दिवशी दुरुस्तीवाल्याच्या तारेने सव्वीस दाखवलं तेव्हा मी चकित झाल्याचं सोंग केलं, आणि मग तेच सोंग तुला पत्रात लिहून पाठवलं.

आता ती तीन ओळींची चिठ्ठी फाडते आणि दुसरी लिहिते.

ताई

२७ जून

चिंगे,

पाठवलं. त्यात बोटाचं लिहिलंय, सरांना दिलेलं उत्तर लिहिलंय, माझं नाव लिहिलंय. तुझ्या खणातल्या पत्राचं नाही लिहिलं, ते तुझं-माझं. संचालकबाईंनी दोनदा वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे असंच पाठवायचं?" मी म्हटलं, "असंच." त्या म्हणाल्या, "तीन दिवस राहिलेत हो तुमचे. गप्प बसला असतात तर कोणाला कळणार होतं?" मी म्हटलं, "एकीला."

निरोपाचा कार्यक्रम रद्द झालाय. भाषणं टळली, माझी आणि लोकांची सुटका झाली. कॉरिडॉरमध्ये माणसं आता माझ्याशी बोलताना फार हळू बोलतात. तुझ्याशीही तेव्हा असंच बोलायची का? मी विचारलंच नव्हतं कधी.

मावशीने फोन केला नाही. तीन दिवस झाले. म्हणजे तिने वाचलंय, आणि पुढे सरकवलंय.

माफ कर असं लिहायला घेतलं आणि खोडलं. ते मागायचं असेल तर समोर उभं राहून मागावं, पाकिटात घालून तिसऱ्या घरी पाठवू नये. ये, असंही म्हणायचा माझा हक्क राहिलेला नाही. पण हक्क नसला म्हणून इच्छा थोडीच जाते? चिंगे, मला तू हवी आहेस. भांडायला ये. माझ्याशी एक शब्द न बोलता नुसतं काम बघायला ये. दात पडलेल्या त्या बाईसाहेबांना घेऊन ये, त्यांच्यासाठी मी पलीकडच्या खोलीतून उंच स्टूल आणून ठेवलंय.

तुझ्या पेशी अजून जिवंत आहेत. तीस तारखेपर्यंत तग धरतील, किल्लीही तोवर माझ्याकडेच आहे. स्वतःच्या डोळ्यांनी ते सगळं शेवटचं बघितलंस त्याला नऊ वर्षं झाली. थांबलेल्या पिशवीला पाट गाठायला चाळीस मिनिटं लागतात, तेवढं तर थांबावं लागेलच. पण भिंग तापायला दोन तास लागतात, आणि तेवढी वाट मी तुला बघायला लावणार नाही. म्हणून रोज सकाळी सातला येते, खोलीतला थंड हवेचा झोत बंद करते आणि आईचा ड्रायर लावते. दोनवर, तीनवर नाही. नऊ वाजता भिंगाला बोट लावून बघते.

आजही लावलं. उबदार आहे.

ताई